अंगठा म्हणजे 'बघितलं' की 'ठरलं'?



आज रानातली नोंद नाही, फोनातली आहे. पण ती शेवटी रानाशीच येऊन भिडते म्हणून इथं लिहितोय. मेसेजला उत्तर म्हणून आपण जो वर केलेला अंगठा टाकतो, त्याचा अर्थ नक्की काय? 'बघितलं', 'छान आहे', की 'ठरलं, मान्य'? माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या मेसेजात दर, वजन, तारीख किंवा पैसा आहे, त्याला नुसता अंगठा टाकू नये. आणि समोरच्याचा नुसता अंगठा आला, तर तेवढ्यावर सौदा झाला असं धरू नये. का, ते सविस्तर सांगतो. लांबलचक झालंय, पण सवडीनं वाचा.

आधी हा अंगठा दिवसभरात काय काय कामं करतो ते बघू. आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर सल्लागार लिहितात, 'रात्री पाऊस झालाय, पानं ओली आहेत, डाऊनीची फवारणी आजच उरकून घ्या.' खाली पन्नास अंगठे येतात. त्यातले निम्मे 'आभारी आहे' म्हणून असतात. काही 'वाचलं' म्हणून, काही 'फवारलं' म्हणून. एक-दोन तर ज्यांनी बाग काढून दोन वर्षं झाली त्यांचेही असतात. सल्लागाराला मात्र वाटतं सगळ्यांनी फवारलं. आवर्तनाचं पाणी कधी सुटणार याचा मेसेज आला की अंगठा. गावात कुणी वारलं, माती किती वाजता आहे ते कळवलं, की त्यालाही एखादा अंगठा टाकून मोकळा होतो. त्याला म्हणायचं असतं 'निरोप मिळाला', पण वाचणाऱ्याच्या पोटात कसंतरी होतं.

पुण्याला नोकरीला असलेलं पोरगं वेगळंच सांगतं. म्हणतं, "पप्पा, नुसता अंगठा नका पाठवत जाऊ, तुम्ही रागावलाय असं वाटतं." मी म्हणलं, "अरे, आम्ही शाबासकी म्हणून टाकतो." म्हणजे एकाच घरात एका चित्राचे दोन अर्थ. मग अनोळखी व्यापाऱ्यात आणि आपल्यात किती होत असतील?

इथवर गंमत आहे. आता पैशाची गोष्ट सांगतो. ही खरी घडलेली आहे आणि शेतकऱ्याचीच आहे, फक्त आपल्या देशातली नाही. कॅनडात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. गहू, मसूर, जवस पिकवणारा मोठा पठारी मुलूख. तिथं मार्च 2021 मध्ये साऊथ वेस्ट टर्मिनल या धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीच्या माणसानं शेतकऱ्यांना मेसेज टाकला की आम्हाला जवस पाहिजे, नोव्हेंबरात द्यायचा, बुशेलला 17 डॉलर. जवसाचा एक बुशेल म्हणजे आपले साधारण साडेपंचवीस किलो. मग त्याचं एका शेतकऱ्याशी फोनवर बोलणं झालं. खरेदीदारानं करारपत्र तयार केलं, स्वतःची सही केली, मोबाईलवर फोटो काढला आणि शेतकऱ्याला पाठवला. सोबत लिहिलं की जवसाचा करार कन्फर्म करा. शेतकऱ्यानं उत्तर म्हणून एक अंगठा पाठवला. बस्स. दुसरा शब्द नाही. माल होता साडेआठशे क्विंटलच्या वर.

त्या साली तिकडं दुष्काळ पडला. जवस कमी पिकला आणि दर वर गेला. नोव्हेंबर उजाडला तेव्हा बुशेल 41 डॉलरवर होता. शेतकऱ्यानं माल दिला नाही. कंपनी कोर्टात गेली. शेतकरी म्हणाला, माझा अंगठा म्हणजे 'तुझा मेसेज मिळाला' एवढंच, करार वाचायला मला सवड नव्हती, मी सही केलेली नाही. कंपनी म्हणाली, अंगठा म्हणजे मान्य.

जून 2023 मध्ये न्यायाधीश टिमोथी कीन यांनी निकाल दिला. अंगठा ही सही धरली आणि शेतकऱ्याला 82,200 डॉलरच्या वर भरपाई भरायला सांगितली. शिवाय व्याज आणि खर्च. आपल्या पैशात तेव्हाच्या हिशेबानं पन्नास लाखांच्या आसपास. शेतकरी वरच्या कोर्टात गेला. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या तिघा न्यायाधीशांपैकी दोघांनी निकाल कायम ठेवला, एकाचं मत वेगळं पडलं. एका अंगठ्यावर तीन-साडेतीन वर्षं गेली आणि शिकल्यासवरल्या न्यायाधीशांचंही एकमत झालं नाही, हे लक्षात ठेवा.

ही बातमी आपल्याकडं फिरली ती विनोद म्हणून. 'बघा, एका अंगठ्यानं पन्नास लाख गेले.' पण निकालाचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. न्यायाधीशांनी डिक्शनरीत अंगठ्याचा अर्थ बघितला हे खरं, पण नुसत्या त्यावर निकाल दिला नाही. त्यांनी मागचा व्यवहार बघितला. त्या दोघांत आधी बरेच सौदे असेच झाले होते. खरेदीदार करारपत्राचा फोटो पाठवायचा, शेतकरी एका शब्दात उत्तर द्यायचा, 'ठीक दिसतंय', 'ओके', 'हो', आणि वेळेवर माल पोचवायचा, पैसे घ्यायचा. तेव्हा कधी त्यानं म्हणलं नाही की माझा 'ओके' म्हणजे नुसतं मिळालं. म्हणून न्यायाधीश म्हणाले की त्याच सवयीतला हा अंगठा आहे.

मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्राला स्वतःचा पक्का अर्थ नसतो. आपण आजवर ते कसं वापरलं, त्यावरून त्याचा अर्थ ठरतो. दहा वेळा अंगठा टाकून माल दिला की अकराव्या वेळचा अंगठा म्हणजे सही. सवय हीच सही होऊन बसते आणि आपल्याला कळतही नाही.

आता हीच गोष्ट आपल्या शिवारात उलटी कशी होते ते बघा. आमच्या बाजूला द्राक्षाचा सौदा कसा होतो ते बागायतदारांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितो. व्यापारी प्लॉट बघायला येतो, मणी तोडून खातो, साखर बघतो, फुगवण बघतो. चार किलोच्या पेटीवर दर ठरतो. कधी थोडा विसार हातावर ठेवतो, कधी नुसताच शब्द. मग 'काढणी मंगळवारी' असं फोनवर होतं.

मागच्या हंगामात आमच्या शिवारातल्या एका बागायतदारानं ठरल्याप्रमाणे व्यापाऱ्याला मेसेज टाकला, 'पेटी 170 रुपये, काढणी मंगळवारी, पैसे काट्यावर.' व्यापाऱ्याचा अंगठा आला. हा निर्धास्त. दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांना त्यानं 'प्लॉट दिलाय' म्हणून परत पाठवलं. सोमवारी ढग आले, बाजार हलला. मंगळवारी सकाळी व्यापारी म्हणतो, "140 नं देत असशील तर गाडी पाठवतो." ह्यानं अंगठ्याची आठवण केली तर म्हणतो, "दादा, अंगठा म्हणजे मेसेज बघितला. मी कुठं हो म्हणलं?" तीन हजार पेटी माल होता. पेटीमागं 30 रुपये. 90,000 रुपये एका सकाळीत गेले. कारण पिकलेलं द्राक्ष थांबत नाही. पाऊस आला तर मणी तडकतो, आणि ते व्यापाऱ्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तिकडं शेतकरी म्हणतो 'अंगठा म्हणजे मिळालं' आणि कोर्ट त्याला बांधून घालतं. इकडं व्यापारी तेच वाक्य म्हणतो आणि मोकळा सुटतो. वाक्य तेच, अंगठा तोच. फरक एवढाच की तिकडच्या खरेदीदाराकडं करारपत्र होतं, मागच्या सौद्यांचे मेसेज होते, वकिलाला द्यायला पैसे होते आणि थांबायला वेळ होता. आपल्याकडं झाडावर पिकलेला माल होता. अंगठा तसा कुणाच्याच बाजूचा नसतो. ज्याच्याकडं कागद आणि सवड आहे, तो अंगठ्याचा अर्थ ठरवतो. आणि बहुतेक वेळा तो माणूस शेतकरी नसतो. म्हणून मी ह्या एवढ्याशा चित्रावर इतकं लिहितोय.

काहीजण म्हणतील, आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. एका वकील मित्राला विचारून घेतलं. तो म्हणाला, कॅनडाच्या त्या प्रांतात ठरावीक रकमेवरच्या मालाच्या सौद्याला लेखी आणि सही लागते, म्हणून तिथं 'अंगठा ही सही आहे का' हा वाद झाला. आपल्याकडं 1930 चा माल विक्री कायदा आहे. त्यात सौदा लेखी होऊ शकतो, तोंडी होऊ शकतो, आणि दोघांच्या वागण्यावरूनही झाला असं धरता येतं. 1872 च्या करार कायद्यातही मान्यता शब्दांनी देता येते तशी वागण्यातूनही देता येते. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानं नुसतं मोबाईलवरून झाला म्हणून करार बाद होत नाही. म्हणजे आपल्याकडं सहीचा अडसरही नाही. तुमचा अंगठा तुम्हाला बांधू शकतो, समोरच्याचा अंगठा त्याला बांधू शकतो. प्रश्न उरतो तो सिद्ध करायचा. आणि 90,000 रुपयांसाठी छाटणी, फवारणी सोडून तारखांना कोण जाणार?

म्हणून माझं म्हणणं असं की लिहून घ्यायचं ते कोर्टासाठी नव्हे. मंगळवार सकाळच्या त्या फोनसाठी लिहून घ्यायचं. 'पेटी 170 ला घेतो, मंगळवारी गाडी पाठवतो' असं ज्यानं स्वतःच्या बोटानं लिहिलंय, त्याला दुसऱ्या दिवशी 'मी कुठं हो म्हणलं' म्हणायला जीभ जड जाते. अंगठ्यात ती जडपणाची सोयच नाही.

आता थोडं मागचं. चित्राची सही आपल्याला नवी आहे असं समजू नका. जुन्या मराठी कागदांवर पाटलाची निशाणी नांगर असायची. अक्षर येवो न येवो, नावापुढं नांगर काढला की तो कागद पाटलानं मान्य केला. तेव्हा निशाणीचा अर्थ सगळ्या गावाला एकच माहीत होता आणि ती चार माणसांसमोर व्हायची. पुढं अंगठा आला. वाचनात आलेली एक गोष्ट सांगतो. 1858 साली बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाच्या करारावर राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या हाताच्या पंजाचा शाईचा ठसा घेतला. कशासाठी? तर उद्या हा 'सही माझी नाही' म्हणू नये म्हणून. म्हणजे हाताच्या ठशाचा जन्मच मुळी 'नंतर नाही म्हणू नये' यासाठी झाला.

आणि त्या ठशानं, त्या निशाणीनं शेतकऱ्याचं काय झालं हेही आपल्या मुलखाला ठाऊक आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर निशाणी करून देणारी माणसं आपलीच. 1875 साली सुप्यात शेतकरी उठले, पुणे-नगर भागात सावकारांच्या घरातून कर्जरोखे काढून जाळले. त्यानंतर 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आज आपण वाचू शकतो. तरी न वाचता अंगठा टाकतो, कारण एक बोट लावलं की काम होतं. आजोबांना वाचता येत नव्हतं म्हणून अंगठा द्यावा लागायचा. आपल्याला येतंय, मग शब्द लिहायला काय हरकत आहे?

आपल्या भाषेनं तर आधीच सावध करून ठेवलंय. 'अंगठा दाखवला' म्हणजे ऐनवेळी फसवलं, हात वर केले. फोनात तोच अंगठा संमतीचा झाला. एकाच बोटात 'हो' पण आहे आणि 'जा, काय करायचं ते कर' पण आहे.

एक आक्षेप हमखास येतो. "अण्णा, व्यापाऱ्याला लिहून मागितलं तर त्याला राग येतो. विश्वासावर चालतं सगळं." मान्य आहे, विश्वासावर चालतं. पण जुना विश्वाससुद्धा उघड्यावर नव्हता सोडलेला. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून दर ठरायचा, तिथं दलाल मध्ये असायचा. दोघांची बोटं त्याला माहीत असायची. हातावर विसार पडायचा. उद्या कुणी फिरला तर बाजारात त्याचं नाव जायचं. फोनवरच्या सौद्यात मध्ये कुणी नाही. तिथं साक्षीदार फक्त लिहिलेले शब्द. तेच नसतील तर विश्वास कशावर ठेवायचा? आणि जो व्यापारी 'हो, ठरलं' एवढे दोन शब्द लिहायला रागावतो, त्यानं तुम्हाला उत्तर देऊनच टाकलंय असं समजा.

दुसरा आक्षेप पोरांचा असतो. म्हणतात, एवढं कुठं टाईप करत बसायचं. बाबांनो, बोलून टाईप होतं आता. 'मान्य' लिहायला अंगठ्यापेक्षा दोन सेकंद जास्त लागतात.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

निरोप नुसता मिळाला असेल तर 'मिळाला' लिहितो. वाचून विचार करायचा असेल तर 'वाचलं, संध्याकाळी सांगतो' लिहितो. कबूल असेल तर समोरच्याचं म्हणणं परत लिहून मग 'मान्य' लिहितो. म्हणजे 'पेटी 170, काढणी मंगळवारी, पैसे काट्यावर, मान्य.' ह्या तीन उत्तरांत घोटाळा होत नाही.

समोरून नुसता अंगठा आला तर लगेच फोन करतो, आणि फोन झाला की लिहितो, 'आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे असं असं ठरलं. बरोबर असेल तर हो लिहा.' रागवायचं काही कारण नाही, हसत हसत करतो. दोन-तीन वेळा केलं की समोरच्यालाही सवय लागते. मजुरांच्या टोळीच्या मुकादमालाही मी असंच विचारतो. 'उद्या 14 माणसं, सात वाजता, हो का?' त्याच्या अंगठ्यावर थिनिंगचा दिवस सोडत नाही.

करारपत्राचा, पावतीचा, बिलाचा फोटो आला तर त्याला अंगठा अजिबात नाही. आधी पूर्ण पान मागून घ्यायचं, मागची बाजूसुद्धा. कॅनडाच्या त्या शेतकऱ्याचंही म्हणणं होतं की सगळ्या अटी मला पाठवल्याच नव्हत्या. ते म्हणणं अंगठ्याआधी मांडायचं असतं.

आणखी एक. मेसेजवर बोट दाबून ठेवलं की जो छोटा अंगठा चिकटतो, तो टाकणाऱ्याला नंतर काढूनही टाकता येतो. काढला की तुमच्याकडं काही उरत नाही. म्हणून उत्तर वेगळ्या मेसेजात शब्दांनी घ्या. सौद्याचे मेसेज पैसे हातात येईपर्यंत पुसू नका. आपोआप पुसणारे मेसेज चालू असतील तर बंद करा. नवा फोन घेताना जुने मेसेज नव्यात घ्यायला विसरू नका.

अंगठ्याचं वैर नाही मला. नातवाच्या चालण्याचा व्हिडिओ आला, कुणाच्या बागेत माल चांगला धरला, कुणाच्या पोरीला नोकरी लागली, तर दहा अंगठे टाका. तिथं तो शाबासकीचा आहे आणि शोभतो. पण ज्या मेसेजावर वर्षाची कमाई अवलंबून आहे, तिथं शब्द पाहिजेत.

आता तुम्ही सांगा. तुमच्याकडं कांद्याच्या, उसाच्या, दुधाच्या व्यवहारात हा अंगठा कसा चालतो? कुणाला त्याचा फायदा झाला, कुणाला फटका बसला, खाली लिहा. व्यापाऱ्यांची नावं लिहू नका, गोष्ट लिहा. त्यातून चार जणं शहाणे होतील.

आणि हे पटलं असेल तर 'पटलं' असं लिहा. नसेल पटलं तर का ते लिहा. नुसता अंगठा टाकला तर मला कळायचं नाही की तुम्ही वाचलं, की मान्य केलं, की नुसतं बघून पुढं गेलात.

राम राम.